डोंगरउतारावरची भाजी: कोणता रोगप्रतिकारक वाण, आणि कोणत्या पायरीवर?

पायरीशेती
उतारावर पायऱ्या पाडून भाजी करणाऱ्यांसाठी हा धागा. एकेक पायरी जेमतेम गुंठा-दोन गुंठ्यांची, वरच्या पायरीचं पाणी खालच्या पायरीत, सकाळी उशिरापर्यंत धुकं आणि लांबलेला पाऊस. फवारणीचं पाणी पाठीवरून वर चढवायचं आणि तासाभरात पावसाच्या सरीने ते धुऊन न्यायचं, हे नेहमीचंच. म्हणून वाणातच प्रतिकारशक्ती असणं इथे सपाटीपेक्षा जास्त मोलाचं आहे, असं माझं मत आहे.

प्रश्न तीन आहेत. टोमॅटो, कोबी-फ्लॉवर, वाटाणा, घेवडा, बटाटा यांत कोणती प्रतिकारशक्ती खरोखर टिकते? प्रतिकारक वाण वरच्या पायरीवर लावावा की खालच्या? आणि त्याचं बी घरी धरता येतं का?

रानजाई
आधी रोगाचं नाव, मग वाणाचं. नुसतं 'रोगप्रतिकारक' लिहिलेल्या पाकिटावरून काहीच ठरवता येत नाही. चांगल्या पाकिटावर रोगांची लघुनावं असतात. आरएस म्हणजे जिवाणूजन्य मर, पीआय म्हणजे उशिराचा करपा, एफओएल म्हणजे फ्युजेरियम मर. त्यापुढचे आकडे रोगाच्या वंशाचे. टोमॅटोच्या पाकिटावर 'एफओएल ०, १' असेल तर २ क्रमांकाच्या वंशापुढे तो वाण उघडा आहे.

त्याआधी एचआर किंवा आयआर असतं. एचआर म्हणजे नेहमीच्या रोगदाबाखाली रोग जवळजवळ दिसत नाही. आयआर म्हणजे रोग येतो, पण संथ चालतो. धुक्याच्या जागी आयआरवाला वाण लावून निर्धास्त राहिलात तर प्लॉट जाणार, कारण तिथला रोगदाब मुळातच जास्त असतो.

सुगी
हे आकडे छापलेत मुंगीच्या पावलांएवढे. बियाण्याबरोबर भिंगही द्यायला हवं :)

काठावरची
रानजाईताई, रोगाचं नाव कळायचं कसं? टोमॅटो 'मेला' एवढंच दिसतं. मर जिवाणूची की बुरशीची, हे शेतात उभं राहून ओळखता येतं का?

मातीवेध
येतं. काचेचा ग्लास आणि स्वच्छ पाणी एवढंच लागतं.

नुकतंच कोमेजलेलं झाड घ्या, पूर्ण वाळलेलं नको. जमिनीलगतच्या खोडाचा ४-५ सेंटीमीटरचा तुकडा धारदार पात्याने कापा. त्याचं खालचं टोक पाण्यात बुडेल असा तो ग्लासात अधांतरी धरा आणि हलवू नका. जिवाणूजन्य मर असेल तर दोन-चार मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट धागे सरळ खाली उतरताना दिसतात. मागे काळा कागद धरला की स्पष्ट दिसतात. थोड्या वेळाने पाणी गढूळ होतं.

धागे आले नाहीत आणि खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघ असेल तर फ्युजेरियमकडे संशय घ्या. त्यात खालची पानं आधी पिवळी पडतात, बऱ्याचदा फांदीच्या एकाच बाजूची. जिवाणूच्या मरीत पानं हिरवी असतानाच माना टाकतात. सुरुवातीला संध्याकाळी सावरल्यासारखी वाटतात आणि मग कायमची जातात. झाड उपटून मुळंही बघा. गाठी असतील तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे जंत) आहेत, आणि त्यांनी केलेल्या जखमांतून मरीचे जिवाणू सहज आत जातात. दोन्ही रोग एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे.

डोंगरकडा
एवढा खटाटोप कशाला? संकरित वाण सोडा आणि स्थानिक वाण लावा. ते इथल्याच रोगांत वाढलेत, तेच टिकतात.

रानजाई
डोंगरकडा, घेवडा, काकडी, भोपळा यांत तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी पटतं. टोमॅटो-बटाट्यात नाही. ही दोन्ही पिकं मूळची दक्षिण अमेरिकेची. आपल्याकडच्या जुन्या टोमॅटोत उशिराच्या करप्याची प्रतिकारशक्ती यायला काही कारणच घडलेलं नाही. आज कामी येणारं पीएच-३ हे जनुक बारीक फळांच्या रानटी टोमॅटोतून, सोलॅनम पिंपिनेलिफोलियममधून आणलेलं आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात तयार झालेल्या 'माउंटन मॅजिक'मध्ये पीएच-२ आणि पीएच-३ दोन्ही आहेत, आणि करप्यात तो उभा राहतो तो या जोडीमुळे.

आपल्या बाजूला बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकरचा करपा या तिघांना प्रतिकारक आहे. लक्षात घ्या, लवकरचा करपा. धुक्यातला उशिराचा करपा हा वेगळा रोग. त्याच संस्थेच्या 'अर्का अभेद'मध्ये त्याचीही भर आहे.

डोंगरकडा
हा फरक महत्त्वाचा आहे, मान्य. पण पानावर बघून ते दोन करपे ओळखायचे कसे?

धुकेरी
लवकरच्या करप्याचा ठिपका तपकिरी, आत गोल-गोल कडी, बहुधा जुन्या खालच्या पानांवर. उशिराचा करपा पानाच्या कडेला किंवा टोकाला पाण्याने भिजल्यासारख्या गडद हिरव्या डागाने सुरू होतो, कड्या नसतात. सकाळी दव असताना पान उलटं करा. डागाच्या कडेला पांढरट कोवळी लव दिसली की तोच. ऊन चढलं की ती लव दिसेनाशी होते, म्हणून पाहणी सकाळीच करायची.

थंड हवा आणि सलग १० तासांवर ओलं राहिलेलं पान एवढं त्याला पुरतं. आठवडाभरात पायरी काळी होते. म्हणून वाण प्रतिकारक असला तरी ओळींत ९० सेंटीमीटर आणि दोन रोपांत ६० सेंटीमीटर ठेवा, काठीचा आधार द्या आणि जमिनीपासून ३० सेंटीमीटरपर्यंतची पानं काढून टाका. ओळी वाऱ्याच्या दिशेत धरता आल्या तर उत्तम. पान तासभर आधी वाळलं तरी रोगाची साखळी तुटते.

वाफसा
मूळ प्रश्नातल्या पायरीबद्दल सांगतो. प्रतिकारक वाण सगळ्यात वर लावा. वरच रोग अडला की खाली उतरणारच नाही. साधा हिशोब आहे.

मातीवेध
वाफसादादा, इथेच गफलत होते. जिवाणूजन्य मरीत प्रतिकारक झाड मरत नाही, पण जिवाणू त्याच्या मुळांत आणि खोडात राहू शकतो. झाड हिरवंगार दिसतं आणि निचऱ्याच्या पाण्याबरोबर जिवाणू खालच्या पायरीत उतरत राहतो. वरच्या पायरीत रोग असेल तर तिथे प्रतिकारक वाण लावल्याने तो अडत नाही, फक्त झाकला जातो.

म्हणून क्रम उलटा धरा. वरची पायरी स्वच्छ असेल तर ती स्वच्छच ठेवा. तिथे वांगी-टोमॅटो-मिरची-बटाटा न घेता मका, कांदा किंवा घेवडा घ्या आणि रोपवाटिका तिथेच करा. प्रतिकारक किंवा कलमी टोमॅटो खालच्या पायऱ्यांवर, जिथे पाणी साचतं आणि रोग साठतो. मर वरच्याच पायरीत असेल तर पाण्याची वाट बदलणं हा खरा उपाय. पायरीच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या पायाशी ३० सेंटीमीटर खोल चर काढा, पायरीला किंचित आतला उतार द्या आणि चराचं पाणी कडेने शेताबाहेर सोडा. खालच्या पायरीवरून ते जाता कामा नये.

कामाचा क्रमही वरून खाली, निरोगीकडून रोगटाकडे. रोगट पायरीत गेलेलं खुरपं आणि पायतळ धुतल्याशिवाय परत वर न्यायचं नाही.

वाफसा
पटलं. झाड हिरवं दिसूनही आत जिवाणू असतो, हा मुद्दा माझ्या हिशोबात नव्हता. मग उशिराच्या करप्यालाही हाच क्रम का?

मातीवेध
नाही. तो हवेतून येतो, त्याला पायरीचा क्रम अडवत नाही. तिथे ऊन कुठे आधी पोचतं आणि वारा कुठे खेळतो ते बघून जागा निवडा. सावलीतल्या, उशिरा वाळणाऱ्या पायरीवर टोमॅटो नकोच.

कलमकार
मरीच्या जमिनीत वाण शोधत बसण्यापेक्षा कलम बरं. आवडीचा टोमॅटो वर, प्रतिकारक खुंट खाली. तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्राने सुचवलेला 'ईजी २०३' हा वांग्याचा खुंट मर आणि मुळांवरच्या गाठी दोन्ही सोसतो. वांग्याची मुळं साचलेलं पाणीही टोमॅटोपेक्षा जास्त सहन करतात, म्हणून पाऊसकाळात तो सोयीचा. टोमॅटोचाच खुंट हवा असेल तर 'हवाई ७९९६' ही ओळ अनेक देशांतल्या चाचण्यांत मरीला सगळ्यात सातत्याने टिकलेली आहे.

कृती अशी. वांग्याचं बी टोमॅटोच्या तीनेक दिवस आधी पेरा, कारण त्याची वाढ संथ. दोन्ही रोपांना २-३ खरी पानं आली आणि खोडाची जाडी १.६ ते १.८ मिलिमीटर झाली की कलम करा. जाडी जुळली नाही तर कलम जुळत नाही. खुंट बीजदलांच्या वर तिरका कापा, साधारण ३० अंशांत. टोमॅटोचा शेंडाही त्याच कोनात कापा. १० मिलिमीटर लांबीच्या मऊ रबरी नळीत दोन्ही तोंडं एकमेकांना घट्ट टेकवा. पातं प्रत्येक ट्रेनंतर स्पिरिटने पुसा.

मग ट्रे प्लॅस्टिकच्या बुटक्या बोगद्यात ठेवा. आत आर्द्रता ९५ टक्क्यांच्या आसपास, तापमान ३० अंशांच्या आत, पहिले तीन दिवस अंधारासारखी सावली, मग हळूहळू उजेड. आठवड्याने बाहेर काढा आणि आणखी आठवडाभर जाळीत कणखर होऊ द्या. पाणी ट्रेच्या खालून द्या. जोडावर पाणी साचलं तर जोड कुजतो, कलम फसण्याचं हे सगळ्यात मोठं कारण.

काठावरची
लागवडीनंतर कलमी रोपं मेली तर चूक कुठे शोधायची?

कलमकार
बहुतेक वेळा जोड मातीखाली गेलेला असतो. जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे, आणि भर लावताना तो झाकायचा नाही. वरच्या टोमॅटोला जोडाशी पांढरी मुळं फुटतात, ती मातीत गेली की खुंटाला बाजूला सारून रोग थेट आत. ही मुळं आणि खुंटाचे फुटवे दर आठवड्याला खुडा. फळांचा भार आडवा झाला तर जोड तुटतो, म्हणून आधार लागवडीबरोबरच द्या.

बटाटेबाग
बटाट्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. 'कुफरी ज्योती' १९६८ साली आला तेव्हा उशिराच्या करप्याला प्रतिकारक होता. पुढे रोगाचे नवे वंश आले आणि ती प्रतिकारशक्ती कोसळली. वाण अजून लावला जातो, पण करप्यासाठी त्याच्या भरवशावर राहू नका. डोंगरासाठी शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे 'कुफरी हिमालिनी' आणि 'कुफरी गिरधारी' पाहा. करप्यात गिरधारी जास्त ताकदीचा.

बटाट्यात मरीचा धोका वेगळा आहे. मरीच्या जिवाणूचा एक गट थंड, उंच भागातही तग धरतो आणि बेण्यातून फिरतो. बेणं वरून निरोगी दिसतं. कापून लावत असाल तर एकाच सुरीने अख्ख्या पोत्याला रोग लागतो. मरीची शंका असलेल्या भागात ३०-४० ग्रॅमचं अख्खं बेणं लावा. आणि एक कंद कापून दाबून बघा. कापलेल्या भागातल्या गोल कड्यावर मळकट पांढरे थेंब आले तर ते बेणं शेतात नेऊच नका.

पानकोबी
कोबी-फ्लॉवरमधला घाण्या रोग, ज्याला ब्लॅक रॉट म्हणतात, डोंगरात फार चालतो. त्याचं कारण पानाच्या कडेला दिसतं. पहाटे कोबीच्या पानांच्या कडांवर शिरांच्या टोकांशी थेंब जमलेले असतात. झाड स्वतः ते बाहेर टाकतं. ऊन आलं की थेंब आत ओढला जातो, आणि त्याच्याबरोबर जिवाणूही. म्हणून डाग कडेपासून सुरू होऊन आत निमुळता होतो, इंग्रजी 'व्ही'सारखा पिवळा, आणि त्यातल्या शिरा काळ्या. ओल्या पानांत शिरून खुरपणी केली की तो शेतभर जातो.

कोबीत या रोगाची पूर्ण प्रतिकारशक्ती जवळजवळ नाही, जी आहे ती अंशतः. 'पुसा मुक्ता' हा कोबी किंवा 'पुसा शुभ्रा' हा फ्लॉवर लावा, पण बी स्वच्छ नसेल तर उपयोग नाही. कोबीचं बी ५० अंश सेल्सिअस पाण्यात २५ मिनिटं, फ्लॉवरचं २० मिनिटं, नंतर लगेच थंड पाण्यात, मग सावलीत पातळ पसरून वाळवणं. तापमापी हवाच. दोन अंश चढले तर उगवण जाते, दोन अंश उतरले तर जिवाणू राहतो. लेप दिलेल्या किंवा जुन्या बियाण्याला हे करू नका. प्रक्रिया केलेलं बी त्याच हंगामात पेरा.

पायरीशेती
कोबीच्या मुळांवर फुगीर, वेड्यावाकड्या गाठी असतील तर? दुपारी झाडं मान टाकतात.

पानकोबी
ते क्लबरूट. आम्लधर्मी आणि ओलसर मातीत येतं, आणि डोंगरातली माती पावसाने धुऊन आम्लधर्मी झालेलीच असते. त्याचे बीजाणू मातीत १५-२० वर्षंही राहू शकतात, त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या फेरपालटाने सुटका नाही. मातीचा सामू (पीएच) ७.२ च्या वर नेणं हा मुख्य उपाय. चुना लागवडीच्या निदान ५-६ आठवडे आधी मातीत मिसळा, आणि किती टाकायचा ते माती तपासूनच ठरवा. जास्त झाला तर बोरॉन अडतो आणि फ्लॉवरचा गड्डा तपकिरी पडतो.

क्लबरूटला प्रतिकारक कोबी आणि चायनीज कोबी मिळतात, त्यांची ताकद चांगली आहे. पण त्याच पायरीत वर्षामागून वर्ष तेच लावले तर त्यांच्यावर मात करणारे वंश निवडले जातात. चुना आणि वाण दोन्ही एकत्र वापरा, एकावर विसंबू नका.

डोंगरकडा
भेंडीतही हेच झालं ना? हळद्याला (पानं पिवळी पाडणाऱ्या विषाणूला) 'पुसा सावनी' चालायची, मग ती गेली.

रानजाई
बरोबर. पुसा सावनी हळद्याला बळी पडू लागली, मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचा रानभेंडीशी संकर करून 'परभणी क्रांती' दिली. पुढे तिच्यावरही बऱ्याच ठिकाणी हळद्या आला. प्रतिकारशक्ती झाडाची असली तरी तिचं आयुष्य रोगजंतूवर अवलंबून असतं. रोगट झाड दिसताच उपटणं, पांढरी माशी कमी ठेवणं आणि जवळच्या रानभेंड्या काढणं हे प्रतिकारक वाणातही करायचं.

शेंगवेल
वाटाण्याची बाजू आनंदाची. भुरीला (पानांवर पांढरी पूड आणणाऱ्या बुरशीला) प्रतिकार देणारं ईआर-१ हे जनुक कित्येक दशकं टिकून आहे. 'अर्का अजित' भुरी आणि तांबेरा दोन्हींना प्रतिकारक. थंड रात्री आणि कोरडे दिवस म्हणजे भुरीचं माहेर, तिथे उशिराच्या पेरणीला असाच वाण हवा. आणि वाटाणा स्वपरागित असल्याने बी धरायला सगळ्यात सोपा.

घेवड्यात करपा, म्हणजे शेंगांवरचे खोलगट काळपट डाग, बियाण्यातूनच येतो. इथे गरम पाण्याची प्रक्रिया नको, घेवड्याचं बी फुटतं. डाग नसलेल्या झाडांच्या डाग नसलेल्याच शेंगा बियाण्याला.

पायरीशेती
खूप मोलाची माहिती. आता तिसरा प्रश्न राहिला. संकरित टोमॅटोचं बी धरलं तर प्रतिकारशक्ती उरते का?

बियाणेपेटी
अंशतः, आणि ते मोजता येतं. एकच प्रभावी जनुक (एका प्रतीनेही काम करणारं) असेल आणि संकरितात त्याची एक प्रत असेल, तर पुढच्या पिढीत चारातली साधारण तीन झाडं प्रतिकारक निघतात. पीएच-२ आणि पीएच-३ अशी दोन जनुकं एकेक प्रत असतील तर १६ पैकी ९ झाडांत दोन्ही सापडतात. जिवाणूजन्य मरीत बऱ्याचदा अनेक जनुकांचा हात असतो, तिथे हा सोपा हिशोब चालत नाही. ईआर-१ अप्रभावी जनुक आहे, म्हणजे दोन्ही प्रती असतील तरच काम करणारं, त्यामुळे भुरी-प्रतिकारक सरळ (संकरित नसलेल्या) वाटाण्याचं बी पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहतं.

म्हणून निवड करावी लागते, आणि निवड रोगातच करायची. निरोगी पायरीत सगळीच झाडं चांगली दिसतात. रोगट पायरीत निदान ४० रोपं लावा आणि दर पाचव्या ओळीत मुद्दाम रोगाला बळी पडणारा वाण ठेवा. तो मेला नाही तर रोग आलाच नाही, मग त्या हंगामात निवड करू नका. तो मेला आणि शेजारी झाड उभं राहिलं, तर त्याला रंगीत दोरा बांधा. बी प्रत्येक झाडाचं वेगळं ठेवा आणि पुढच्या हंगामात झाडागणिक ओळ लावा. ज्या ओळीतली सगळी झाडं टिकली ती पुढे न्या. चार-पाच पिढ्यांत वाण स्थिरावतो.

टोमॅटोचा गर दोन दिवस आंबवा, थंडीत तीन. मग धुऊन सावलीत वाळवा. मरीच्या झाडाची फळं मात्र बियाण्याला घेऊ नका. कोबीच्या वाटेला लहान पायरीवर जाऊ नका. तो परपरागित आहे, स्वतःच्या परागाने नीट बी धरत नाही. निदान ५० झाडं लागतात आणि फुलोऱ्यासाठी कित्येक आठवडे कडक थंडी लागते.

वाफसा
आणि पायऱ्यांवर दोन वाणांची तुलना कशी करावी? वरची पायरी आणि खालची पायरी सारखी कधीच नसते.

बियाणेपेटी
म्हणून एक वाण वर आणि दुसरा खाली असं करू नका. प्रत्येक वाणाची १०-१० रोपं प्रत्येक पायरीत, जागा चिठ्ठी टाकून. निदान तीन पायऱ्या. दर आठवड्याला प्रत्येक झाडाला ० ते ५ गुण द्या. ० म्हणजे रोग नाही, ५ म्हणजे मेलं. तारखेसह वहीत लिहा. शेवटच्या गुणांपेक्षा रोग किती आठवड्यांनी चढला ते जास्त सांगतं. आयआरवाल्या वाणाचा फायदा तिथेच दिसतो.

मातीवेध
यात एक भर. सूत्रकृमींना अडवणारं एमआय जनुक माती २८ अंशांवर तापली की ढिलं पडतं. उतारावरची उघडी, दक्षिणमुखी पायरी उन्हाळ्यात सहज तेवढी तापते. तिथे वाण 'फसला' असं नोंदवण्याआधी १० सेंटीमीटर खोल मातीचं तापमान दुपारी बघा, आणि गवताचं ८-१० सेंटीमीटर आच्छादन टाकून पुन्हा बघा.

काठावरची
आच्छादन खोडाला टेकलेलं चालेल का? सतत ओल राहते तिथे.

मातीवेध
नाही, बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा. कलमी रोप असेल तर जोडाखालीच थांबा.